शिष्यवृत्तीचा अर्ज ऑगस्टमध्ये, पण कागद दिवाळीच्या सुट्टीत

प्रश्न बार्शी तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. तो स्वतः चाकणला कंत्राटी नोकरीत आहे. धाकटी बहीण बारावी सायन्सला आहे आणि दहावीला तिला ८९ टक्के होते. घरी तीन एकर जिरायत आणि पिठाची गिरणी, प्रवर्ग ओबीसी. तिला इंजिनिअरिंग करायचंय, नाहीच जमलं तर बीएस्सी. कॉलेजात विचारलं तर "ॲडमिशन झाल्यावर बघू" म्हणाले. गावातला सायबर कॅफेवाला दीड हजारात "सगळ्या स्कॉलरशिपा भरून देतो" म्हणतोय. सध्या दिवाळीची सुट्टी आहे, तर सुरुवात कुठून करावी, असं त्यांनी विचारलंय.

मी बरीच वर्षं एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळलं. आता एका लहान ट्रस्टच्या निवड समितीवर आहे. त्यामुळे अर्ज खिडकीच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेत, आणि उत्तर थोडं लांबेल.

कॉलेजवाल्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. महाडीबीटीवरचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज प्रवेश झाल्यावरच भरता येतो, त्यामुळे आज भरण्यासारखं खरंच काही नाही. पण माझ्या टेबलावरून जी मुलं रिकाम्या हाताने परत गेली, त्यांतली फार थोडी मार्क कमी पडले म्हणून गेली. बहुतेकांचा एखादा कागद नव्हता, किंवा होता पण त्याची मुदत संपलेली होती, किंवा नावात एक अक्षर इकडचं तिकडे होतं. हे सगळं जुलै-ऑगस्टमध्ये लक्षात येतं. त्याच वेळी सेतू केंद्रावर अख्खा तालुका उभा असतो आणि सर्व्हर बसलेला असतो. म्हणून बारावीच्या वर्षात शिष्यवृत्तीचं काम म्हणजे कागदांचं काम.

कागदांचे दोन ढीग करा. एक, जे एकदा निघाले की कायमचे. दुसरा, ज्यांच्यावर मुदतीची तारीख असते. पहिला ढीग आत्ता, दुसरा एप्रिलमध्ये. लोक नेमकं उलटं करतात. उत्साहाने डिसेंबर-जानेवारीत उत्पन्नाचा दाखला काढून ठेवतात. तो ३१ मार्चला संपतो आणि प्रवेशाच्या वेळी त्याचा उपयोग शून्य. जात पडताळणीला मात्र निकाल लागल्यावर पळतात, आणि तिला महिने लागतात.

पहिल्या ढिगातला सगळ्यात जड कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, आपण 'व्हॅलिडिटी' म्हणतो ते. प्रांत कार्यालयातून मिळालेलं जातीचं प्रमाणपत्र वेगळं आणि जिल्हा जात पडताळणी समितीने तपासून दिलेलं हे वेगळं. इंजिनिअरिंगला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर दोन्ही लागतात. प्रस्ताव ऑनलाइन भरून ती आत्ता शिकते त्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फत समितीकडे जातो, त्यामुळे तिथल्या लिपिकांना आजच विचारा. सायन्सच्या मुलांचे प्रस्ताव अकरावी-बारावीतच पाठवायचे असतात. काही कॉलेजं स्वतःहून सांगतात, काहींत नोटीस फळ्यावर लागते आणि पावसात भिजून जाते.

या प्रस्तावात खरी दमछाक होते ती जुन्या पुराव्याची. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. त्या तारखेच्या आधी तुमचं कुटुंब महाराष्ट्रात होतं आणि कागदावर जात नोंदलेली होती, हे दाखवावं लागतं. म्हणजे आजोबांपर्यंत जावं लागणार. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन प्रवेश-निर्गम उतारा मागा. जुनं जनरल रजिस्टर कपाटात असतं, मुख्याध्यापकांना वेळ द्यावा लागतो. शाळेत गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ ची नक्कल मागा. आजोबांच्या एखाद्या भावंडाच्या जन्माची नोंद जातीसह सापडू शकते. आणि सगळ्यात सोपी वाट: वडिलांच्या बाजूच्या कोणाकडे, म्हणजे चुलते, आत्या, चुलत भावंडं यांच्याकडे आधीच व्हॅलिडिटी आहे का ते बघा. असेल तर तिची प्रत आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडल्यावर काम खूपच हलकं होतं. दिवाळीत सगळे गावी येतात, त्यामुळे हे विचारायला याहून चांगला मुहूर्त नाही. फक्त भाऊबंदकीत अबोला असेल तर तो चार दिवस बाजूला ठेवा. व्हॅलिडिटीची झेरॉक्स द्यायला नकार देणारे काका मी पाहिलेत, आणि ती स्वतः घेऊन येणारेही पाहिलेत.

काही वर्षी सरकारने पडताळणीच्या पावतीवर प्रवेश देऊन पुढे मुदत दिलेली आहे. पण मुदत मिळणार हे आधी कधीच कळत नाही, आणि मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागा हातची जाते. त्या भरवशावर बसू नका.

याच ढिगात वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचं प्रमाणपत्र येतं. ते सेतूतून किंवा 'आपले सरकार'वरून निघतं, त्यात फारशी अडचण येत नाही.

मग नावाचा प्रश्न. हा कागदही नव्हे, पण नडतो कागदाएवढाच. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँक पासबुकावरचं नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, त्याने बिघडत नाही. पण 'वैष्णवी'चं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं, वडिलांच्या नावापुढे एका ठिकाणी 'राव' आणि दुसरीकडे नाही, जन्मतारखेत दिवस-महिन्याची अदलाबदल, असली गंमत असेल तर आत्ता सुटेल. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून आधार कार्ड दुरुस्त करून घ्या. उलट दिशेने, म्हणजे बोर्डाचं नाव बदलायला गेलात तर फार वेळ जातो. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना, तेही बघा, कारण पुढचं प्रत्येक काम त्या नंबरवर येणाऱ्या ओटीपीवर चालतं.

आता बँक खातं. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण 'अर्ज मंजूर, पण पैसे आले नाहीत' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचा घोटाळा बहुतेक वेळा इथेच सापडतो. महाडीबीटीचे पैसे तुम्ही अर्जात कुठला खातेक्रमांक लिहिलात यावर ठरत नाहीत. ते आधार ज्या खात्याशी 'सीड' केलेलं आहे त्या खात्यात जातात. बँकेत आधारची झेरॉक्स देणं आणि आधार सीड होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत बँक फक्त तुमची ओळख नोंदवते. दुसरीत राष्ट्रीय पातळीवरच्या नोंदीत, एनपीसीआयच्या यादीत, तुमच्या आधारसमोर त्या बँकेचं नाव लागतं. ही नोंद एका वेळी एकाच बँकेची असते आणि शेवटची नोंद आधीची पुसून टाकते. लाडकी बहीण योजनेच्या वेळी 'सीडिंग' हा शब्द गावोगावी पोचला तो याच भानगडीमुळे. पैसे कुठल्या तरी विसरलेल्या खात्यात गेले आणि बायका बँकेबँकेत हेलपाटे घालत राहिल्या. तुमच्या बहिणीच्या बाबतीत असं होऊ शकतं की शाळेत कोणीतरी शिबिरात तिचं खातं उघडलं, तेव्हा अंगठा घेतला आणि सीडिंग तिकडे झालं. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहता येतं. आजच बघा. दुसरी बँक दिसली तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तपासा.

खात्याचा प्रकारही विचारा. पूर्ण केवायसी न करता उघडलेलं 'स्मॉल अकाउंट' असेल तर त्यात एका वेळी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षभरात एकूण १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. या मर्यादेमुळे शिष्यवृत्तीचे पैसे अडकू शकतात. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं, ते वेगळंच. ती अठरा वर्षांची झाल्यावर नव्याने केवायसी करून साधं बचत खातं करून घ्या आणि त्यात अधूनमधून शंभर रुपये टाका-काढा.

दुसरा ढीग एप्रिलचा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, १ एप्रिलनंतर काढलेला, म्हणजे पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालतो. तलाठ्यांचा अहवाल लागतो, त्यांना आधी भेटा. आई आणि वडील दोघांचं मिळून, शेती आणि गिरणी धरून उत्पन्न लिहिलं जातं. ते कमी दाखवण्याच्या मोहात पडू नका. शुल्कमाफीची मर्यादा मुळात ८ लाखांची आहे. तुमचं घर तिच्या जवळपासही नसेल, मग खोटं लिहून काय मिळवायचं? नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रही, म्हणजे आपण ओबीसींतल्या सधन गटात मोडत नसल्याचं, असंच एप्रिलमध्ये. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या शैक्षणिक वर्षाच्या शेवटच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असावं लागतं. फेब्रुवारीत काढलेल्या प्रमाणपत्रावरची तारीख नीट वाचा. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी काही मुलांना याच तारखेमुळे खुल्या प्रवर्गातून जावं लागतं. बारावीचे पेपर मार्चमध्ये संपतात, सीईटी एप्रिल-मेमध्ये. मधल्या दिवसांत तिला अभ्यास करू द्या. सेतूवर वडील जाऊ शकतात.

आता पैसे कुठून मिळतील ते.

तुमच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयात आहे. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. आधी ते ५० टक्के होतं, आणि मुलांना अजून तेवढंच मिळतं. शासकीय, अनुदानित आणि खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयं यात येतात. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं येत नाहीत. आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातली किंवा संस्था पातळीवर भरलेली जागा चालत नाही.

या शेवटच्या दोन अटींवर जरा थांबा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीच्या मुलांच्या घरी फोन सुरू होतात. 'तुमच्या मुलीला आमच्या विद्यापीठाची २५ टक्के स्कॉलरशिप लागली आहे, आठ दिवसांत दहा हजार भरून सीट बुक करा.' घरात पेढे वाटले जातात. मी याला शिष्यवृत्ती म्हणत नाही, ती छापील किमतीवरची सवलत आहे. समजा तिथली फी वर्षाला २ लाख. २५ टक्के वजा जाऊन दीड लाख उरले, चार वर्षांचे ६ लाख. तीच मुलगी कॅपमधून बऱ्यापैकी कॉलेजात गेली तर शिक्षण शुल्काचा सगळा भार सरकार उचलतं. जिथे 'स्कॉलरशिप' मिळाली तिथे जाण्याने खरी सवलत गमावणाऱ्या मुली मी पाहिल्यात, आणि त्यांच्या वडिलांना हा हिशोब दुसऱ्या वर्षी कळतो. कॉलेज चांगलं असेल आणि ऐपत असेल तर कुठेही जा, पण सवलतीसाठी म्हणून जाऊ नका.

१०० टक्के म्हणजे सगळं फुकट, असंही समजू नका. विकास शुल्क, अनामत, जिमखाना, ग्रंथालय, बस, हॉस्टेल, मेस यांचा त्यात समावेश नाही. कॉलेज निवडताना शुल्काचा तपशील मागा आणि त्यातलं विकास शुल्क किती ते वेगळं काढा. दोन कॉलेजांत तिथेच फरक पडतो. प्रवेशाच्या दिवशी एखादं कॉलेज म्हणेल, 'आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ.' पात्र मुलींकडून माफ झालेलं शुल्क घ्यायचं नसतं. शासन निर्णयाची प्रत बरोबर ठेवा, प्राचार्यांच्या नावाने अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. बहुतेक ठिकाणी लेखी अर्ज पाहिल्यावर सूर बदलतो. नाहीच बदलला तर तंत्रशिक्षणाच्या विभागीय कार्यालयात तक्रार करता येते. आणि भरावीच लागली तर पावतीशिवाय रुपयाही देऊ नका.

राहण्या-खाण्याचा खर्च हा पुण्यासारख्या ठिकाणी फीपेक्षा जड होतो. पहिला प्रयत्न शासकीय वसतिगृहाचा. ओबीसी मुलींसाठीची वसतिगृहं जिल्ह्याच्या ठिकाणी सुरू झाली आहेत, प्रवेश गुणवत्तेवर मिळतो. तिथे नंबर लागला नाही तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. समाजकल्याणच्या, अनुसूचित जातींसाठीच्या स्वाधार योजनेच्या धर्तीवर ओबीसींसाठी केलेली. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत शिकणाऱ्यांना वर्षाला ६० हजार, लहान ठिकाणी त्याहून कमी. इथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे आणि ज्या शहरात शिकायचं तिथली रहिवासी असून चालत नाही. तुमच्या घराच्या उत्पन्नाचा आकडा इथे महत्त्वाचा ठरेल. अर्ज जिल्ह्याच्या इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात, आणि लाभार्थ्यांची संख्या मर्यादित असल्यामुळे वेळेवर. पुण्यात प्रवेश मिळाला तर विद्यार्थी साहाय्यक समितीचं नाव ऐकून ठेवा. १९५५ पासून ग्रामीण भागातल्या मुला-मुलींना कमी खर्चात राहण्याची सोय करणारी संस्था आहे. मुलाखत होते, आणि तिथे काम करावं लागतं, शिस्त पाळावी लागते. मला विचाराल तर तेवढ्यासाठीच ती चांगली आहे.

वडिलांची किंवा आईची बांधकाम कामगार म्हणून नोंदणी असेल तर त्या कल्याणकारी मंडळाकडून इंजिनिअरिंगला वर्षाला ६० हजार मिळू शकतात. तुमच्या घरी तसं दिसत नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाच्या तरी घरी असेल आणि त्यांना माहीत नसेल, म्हणून लिहिलं.

केंद्राच्या योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतात. इंजिनिअरिंगला गेली तर एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेची 'प्रगती', खास मुलींसाठी, वर्षाला ५० हजार. उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत, निवड बारावीच्या गुणांवर. बीएस्सीला गेली तर गणित बदलतं. केंद्रीय क्षेत्र योजनेत बोर्डाच्या परीक्षेत ८० व्या पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना पदवीला वर्षाला १२ हजार मिळतात. रक्कम लहान वाटते, पण अनुदानित कॉलेजात बीएस्सीची फी त्याहून कमी असू शकते. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. आपल्या बोर्डाच्या त्या शाखेच्या मुलांत तुम्ही वरच्या वीस टक्क्यांत आहात का, एवढंच बघतात. बोर्डात अव्वल १ टक्क्यात आली आणि भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र अशा मूलभूत विज्ञानाला गेली, तर विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'इन्स्पायर' वर्षाला ८० हजारांपर्यंत आहे. घरात 'बीएस्सी म्हणजे नाइलाज' असं बोललं जात असेल तर हा आकडा एकदा वडिलांना सांगा. इंजिनिअरिंगला इन्स्पायर मिळत नाही.

एक सावधगिरी: प्रत्येक योजनेच्या नियमावलीत 'इतर लाभ' घेतला असेल तर काय, असा परिच्छेद असतो. अर्जाआधी तो वाचायचा. केंद्रीय क्षेत्र योजना घेणाऱ्याला राज्याची शुल्कमाफी किंवा दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. दोन्ही भरून 'जी लागेल ती लागेल' म्हणणाऱ्यांची पडताळणीत पंचाईत होते. तुमच्या बहिणीने इंजिनिअरिंग घेतलं तर १०० टक्के माफी हाच मुख्य आधार, त्याला धक्का लागेल असं काही भरू नका.

अनुसूचित जातीच्या मुलांसाठी दोन ओळी, कारण त्यांचेही प्रश्न येतात. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत निर्वाह भत्ता आणि शुल्क दोन्ही असतं. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. २०२१ पासून कॉलेजची फीसुद्धा विद्यार्थ्याच्याच खात्यात येते आणि ती त्याने कॉलेजला भरायची असते. खात्यात एकदम मोठी रक्कम दिसते, घरात गरज असते, आणि पैसे बी-बियाण्यात जातात. मग परीक्षेचा फॉर्म अडतो. त्या रकमेतली फी कोणाची आहे, हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

खाजगी शिष्यवृत्त्यांचं काम निराळं. तिथे कागदांइतकंच माणूस बघतात. रिलायन्स फाउंडेशनची पदवीपूर्व शिष्यवृत्ती देशभरातल्या पाच हजार मुलांना मिळते, पदवीच्या काळात मिळून २ लाखांपर्यंत. बारावीला किमान ६० टक्के, घरचं उत्पन्न १५ लाखांच्या आत, पहिल्या वर्षाला प्रवेश, आणि एक ऑनलाइन अभियोग्यता चाचणी. चाचणीत भाषा, तर्क आणि आकडेमोड असते. सीईटीचा अभ्यास केलेल्या मुलीला ती जड जाऊ नये. मुलींसाठी पुण्याचं लीला पूनावाला फाउंडेशन १९९५ पासून काम करतंय. पुण्याबरोबर वर्धा, अमरावती अशा भागांतल्या मुलींनाही ते घेतात. त्याशिवाय तालुक्यातला साखर कारखाना, सहकारी बँक, ज्ञातीचे ट्रस्ट, गावातून बाहेर गेलेल्या लोकांची मंडळं. यांची जाहिरात होत नाही, चौकशी केल्यावरच कळतं. पाच-दहा हजारांच्या अशा दोन शिष्यवृत्त्यांतून वर्षाची पुस्तकं निघतात, आणि तिथे अर्जदार कमी असतात. काही ट्रस्ट परतफेडीच्या बोलीवर मदत देतात. त्यालाही नाक मुरडू नका, व्याज नसतं.

या अर्जांत 'स्वतःबद्दल लिहा' असा रकाना असतो. समितीवर बसल्यापासून मला या रकान्याचा धसका आहे. शंभरातल्या नव्वदांत एकच मजकूर: लहानपणापासून इंजिनिअर व्हायचं स्वप्न, आईवडिलांचे कष्ट, देशाची सेवा. हल्ली तर तो मोबाईलवरच्या एआयकडून लिहून घेतलेला असतो, त्यामुळे स्वप्नंसुद्धा एकाच वळणाची. तुमच्या घरी पिठाची गिरणी आहे. ती गिरणीवर बसते का? लोडशेडिंगच्या दिवशी दळण कसं उरकतात, पट्टा तुटला की कोण बसवतं, वीजबिल किती येतं आणि दळणाचा दर कोण ठरवतं? हे तिने स्वतःच्या शब्दांत, साध्या मराठीत किंवा जमेल तशा इंग्रजीत लिहिलं तर वाचणारा माणूस थांबतो. मोटर जळाली तेव्हा तिने काय पाहिलं, त्यातून इलेक्ट्रिकलकडे ओढा झाला का, असं खरं काही असेल तर तेच लिहायचं. नसेल तर बनवू नका. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं.

मुलाखतीत मी एक प्रश्न हमखास विचारते: वर्षाचा खर्च किती, त्यातला किती जमला आहे, किती कमी पडतोय? निम्म्याहून अधिक मुलांना सांगता येत नाही. वडिलांना माहीत असतं, मुलाला नसतं. फी, विकास शुल्क, मेस, एसटीचा पास, पुस्तकं असा कागदावर हिशोब मांडलेली मुलगी समोर आली की तिला पैशाची किंमत कळते हे वेगळं विचारावं लागत नाही. गरिबी रंगवून सांगायची गरज नसते. काही संस्था घरी येऊन पाहतात. घरी आलेल्या माणसांसमोर टीव्ही लपवू नका. आम्हाला टीव्ही दिसला तर काही वाटत नाही, भिंतीवरची त्याची रिकामी चौकट दिसली तर वाटतं.

महाडीबीटीवरचा अर्ज भरला की काम संपत नाही. तो आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे, मग विभागाकडे जातो. कुठेही त्रुटी निघाली की 'सेंड बॅक' होऊन तुमच्याकडे परत येतो. संदेश येईलच असं नाही. दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती पाहायची. परत आलेला अर्ज दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवला नाही तर तो तिथेच मरतो, आणि मुलगी मात्र 'मी भरला होता' म्हणत राहते. कॉलेजातही अर्ज पडून राहतात, हे मी आतून सांगते. कमी माणसं, शेकडो अर्ज. नम्रपणे पण नियमित विचारत राहणाऱ्यांचे अर्ज पुढे सरकतात. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण पुन्हा भरावं लागतं, आपोआप होत नाही. नापास होणं आणि हजेरी कमी पडणं या दोन्हींनी लाभ अडकतो.

आणि सायबर कॅफेवाला. फॉर्म भरायला मदत घ्यायला हरकत नाही, शंभर-दोनशे रुपये द्या. पण 'सगळ्या स्कॉलरशिपा' भरणारा माणूस वर सांगितलेला 'इतर लाभ'चा परिच्छेद वाचत नाही, आणि बऱ्याचदा घाईत स्वतःचाच मोबाईल आणि ईमेल टाकून मोकळा होतो. पुढच्या वर्षी पासवर्ड त्याच्याकडे, ओटीपी त्याच्याकडे, आणि तो दुकान बंद करून दुबईला. ईमेल बहिणीच्या नावाने आत्ताच काढा, मोबाईल नंबर घरातला, पुढची चार वर्षं न बदलणारा. फॉर्म भरताना ती स्वतः शेजारी बसलेली हवी. छापील प्रत आणि अर्ज क्रमांक घेऊनच उठायचं. 'प्रोसेसिंग फी भरा, शिष्यवृत्ती मंजूर करतो' असा फोन आला तर ठेवून द्या. कुठल्याही सरकारी शिष्यवृत्तीला मंजुरीसाठी पैसे लागत नाहीत.

सुट्टी संपायच्या आत तीन गोष्टी झाल्या तरी पुष्कळ: सीडिंग तपासणं, नावं ताडून पाहणं आणि आजोबांच्या शाळेत एक चक्कर. व्हॅलिडिटीच्या प्रस्तावात काही अडलं तर त्रुटीचं पत्र जसंच्या तसं लिहून पाठवा, त्यावर वेगळं उत्तर देते.